अकरा सेकंदांचा भाऊ

यज्द, ९ मेहर १३८४

प्रिय दायीजान,

सलाम. परवीनच्या मुलीच्या लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आमच्या स्टुडिओत सगळे शहाणेच भरलेत. एक साधा प्रेक्षक शोधून सापडत नाही. मनीजे, तू सिनेमे बघतेस ना? मग तुला काय वाटतं ते लिहून पाठव." सगळे हसले. मी मात्र ते खरं धरलं. आईच्या मावसभावाने, नात्याने मामाने, पहिल्यांदाच काही मागितलं, तर नाही कसं म्हणायचं?

आधी माझी पात्रता सांगते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. सिनेमाचं मला काही कळत नाही, पण गेली वीस वर्षं एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : तारीख, सिनेमा, सोबत कोण, मत. काल मोजलं तर सहाशे बारा नोंदी निघाल्या. बहुतेक शुक्रवारी दुपारी टीव्हीवर पाहिलेले, बाकीचे थिएटरात.

भुताचे सिनेमे. मला त्यांची भीती वाटत नाही, आणि याचं कारण तळघर. परदेशातली बाई हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागते आणि संगीत थरथरायला लागतं. मी म्हणते, अगं उतर की! आमच्याकडे तळघर ही घरातली सगळ्यात सुखाची जागा. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही तिथेच झोपतो, कलिंगडं तिथेच ठेवतो. भूत आलं तर त्यालाही एक फोड देऊ.

घोडेस्वारांचे, पिस्तुलांचे सिनेमे मला आवडतात. त्यातल्या वाळवंटात उन्हाची सावली बरोबर दुपारची असते. एवढं काम चोख असलं की बाकीची मारामारी मी माफ करते. हेरांच्या सिनेमात पहिल्या वीस मिनिटांत चहा नको म्हणणारा माणूस गुन्हेगार असतो. एकोणतीस वेळा बरोबर आलं, चार वेळा चुकलं. आणि आपल्याकडचे ते सिनेमे, ज्यांना बाहेर बक्षिसं मिळतात : गाडी चालते, चालते, टेकडी येते, गाडी थांबते, माणूस टेकडीकडे बघतो. भूगोल शिकवणाऱ्या बाईला रस्ता दाखवायला तिकीट लावू नये.

प्रेमाच्या सिनेमांवर माझा भरवसा नाही. दोघं एका दृश्यात भेटतात, पुढच्या दृश्यात मूल शाळेत चाललेलं असतं. मधलं सगळं तुमच्या कात्रीने खाल्लेलं. भावंडांच्या सिनेमात कापण्यासारखं काही नसतं, म्हणून ते मला खरे वाटतात. माझ्या सहाशे बारांमधला सगळ्यात चांगला सिनेमा तसलाच आहे : ती स्टेशनवरची बहीण. कृष्णधवल, कुठल्या देशाचा ते आजही माहीत नाही. तो आवडत नाही असा माणूस भेटला, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. विषय बदलते.

छातीचा खोकला कसा आहे? सिगारेट सोडली असेल अशी आशा नाही, तरी विचारते.

तुमची,
मनीजे

---

तेहरान, २४ मेहर

मनीजेजान,

तुझं पत्र मी स्टुडिओत मोठ्याने वाचून दाखवलं. तळघराच्या जागी आमचा ध्वनिमुद्रक इतका हसला की एक टेक वाया गेला. चहाच्या नियमावर भांडण झालं. एक शहाणा म्हणाला, "हे काही समीक्षण नव्हे." मी म्हटलं, "म्हणूनच वाचतोय, गाढवा."

सिगारेट सोडलेली नाही. पंचेचाळीस वर्षं पडद्यावरच्या गोऱ्या नटांना हाच आवाज दिलाय. तो सिगारेटनेच घडवलाय, आता तिच्याशी बेइमानी कशी करू?

पण एक विचारतो. त्या स्टेशनवाल्या सिनेमाबद्दल जरा नीट लिही. गोष्ट काय होती, तुला काय काय आठवतं, का आवडला. वहीत बघून लिही. मला कामासाठी हवंय. काय काम ते नंतर सांगतो.

तुझ्या भावाची, कियूमर्सची काही खबर? लग्नात तुला विचारणार होतो, पण तुझा चेहरा बघून सिनेमाचं विचारलं.

तुझा,
दायी इरज

---

यज्द, ८ आबान

प्रिय दायीजान,

वही काढली. २५ बहमन १३७०, शुक्रवार. सोबत कोण : एकटी.

गोष्ट अशी. रेल्वेमार्ग जिथे संपतो असं एक गाव. एक बहीण, एक भाऊ, आईबाप नाहीत. काहीतरी कडू बोलणं होतं आणि भाऊ लांब खाणीत कामाला निघून जातो. बहीण स्टेशनवर तिकिटं विकते. रोज संध्याकाळची गाडी आली की तिसऱ्या खांबाजवळ जाऊन उभी राहते. वर्षं जातात. केस पांढरे होतात. लोक टोमणे मारतात. पण ती एक शब्द पाठवत नाही, निरोप नाही, काही नाही. शेवटी एका संध्याकाळी लांब कोटातला एक माणूस उतरतो. आपल्याला त्याची फक्त पाठ दिसते. आणि बहिणीला हाक मारणारा त्याचा आवाज येतो, "आबजी, मी आलो." संपलं.

मतामध्ये मी लिहिलंय : "जिने हाक मारली नाही, तिच्याकडेच तो परत आला. बोलावून येणं हे येणं नव्हे." खाली बारीक अक्षरात आणखी एक टीप आहे, कारण मला अशा गोष्टी टिपायची खोड आहे : "बहिणीच्या बोटांना नेहमी शाई लागलेली असते. तिकिटांवर शिक्के मारत असल्यामुळे असावी. दिग्दर्शक बारकाईने काम करणारा आहे."

आता तुम्ही जे विचारलंत ते. बाबा गेले ते आझर १३७०मध्ये. कियूमर्स अंज़लीच्या बंदरात नोकरीला होता. तो तिसऱ्या दिवशी पोचला. मी दारात उभी होते. त्याच्या हातात बॅग होती. मी म्हटलं, "पाहुण्यांचं जेवण त्या खोलीत आहे." मोठ्याने म्हटलं, काकूंनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. तो न जेवता आल्या पावली परत गेला. अडीच महिन्यांनी मी हा सिनेमा पाहिला.

मी काही चुकीचं केलं नाही असं म्हणत नाही. तसं बोलायला नको होतं. पण त्यानंतरच्या चौदा वर्षांबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी दार लावलेलं नाही. मी फक्त हाक मारत नाही. त्या बहिणीने मला हे शिकवलं आणि ते बरोबर आहे.

तुमचं काम काय ते सांगा.

मनीजे

---

तेहरान, २० आबान

मनीजेजान,

तीन वेळा लिहून फाडलं. शेवटी सरळच लिहितो.

तो सिनेमा माझ्या टेबलावर आहे. डीव्हीडीच्या चकतीवर नव्याने काढायचाय आणि पुन्हा आवाज द्यायचेत. १३७०मध्ये त्याचं डबिंग मीच केलं होतं.

ती बहीण नाही.

ती दोघं प्रेमात पडलेली आहेत, लग्न झालेलं नाही. तसं दाखवायची तेव्हा सोय नव्हती. वर बसलेल्या साहेबांनी दोनच पर्याय दिले : सिनेमा डब्यात जाईल, नाहीतर ही दोघं भावंडं होतील. मी भावंडं केली. तोंडाच्या हालचालींवर बसतील असे शब्द शोधले, "जिवलगा"च्या जागी "दादा" बसवलं. त्या काळी आम्ही असे डझनावारी भाऊबहीण जन्माला घातले. मुलांचा एवढा मोठा कारखाना सबंध देशात दुसरा नसेल.

आता जड भाग. ती गप्प बसत नाही, मनीजे. ती पत्रं लिहिते. सात पत्रं. मूळ सिनेमात एकोणीस मिनिटं ती टेबलाशी बसून लिहिते आणि आपण तिचा आवाज ऐकतो : कोंबड्या, कोळशाचा भाव, शेजारणीचा दात, आणि पाचव्या पत्रापासून माफी. प्रेमपत्रं ती, बहिणीची करता येईनात. म्हणून सातही कापली. तुला जो आब वाटला, ती कात्री आहे.

तुझी टीप मी दोनदा वाचली. चौदा वर्षांत ती शाई दुसऱ्या कुणी पाहिल्याचं मला माहीत नाही. ती शिक्क्यांची नव्हे, पोरी.

आणि शेवटी उतरतो तो माणूस तो नाहीच. भलताच कुणी प्रवासी. तो वळतो, ती बघते, घरी जाते, आणि आठवं पत्र लिहायला घेते. मी तो वळायच्या आधी कापला आणि पाठीवर आवाज घातला. "आबजी, मी आलो." तो आवाज माझा.

रागाव. हक्क आहे तुझा.

दायी

---

यज्द, २ आझर

दायीजान,

मी पाहिलेला सिनेमा मी पाहिला आहे. तो तुम्ही बनवलात की त्या परदेशी माणसाने, याने माझं मत बदलत नाही. तुमची आवृत्ती चांगली आहे. मूळच्यापेक्षाही चांगली असेल. सात पत्रं लिहिणारी बाई मला रडकी वाटते.

यापुढे कामाबद्दल मला विचारू नका. शाळेत सहामाही परीक्षा आहेत.

मनीजे

---

तेहरान, ९ दै

मनीजेजान,

परीक्षा संपल्या असतील. यल्दाच्या, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री तुझा फोन येईल असं वाटलं होतं, तुझ्या मामीने डाळिंब सोलून ठेवलं होतं. नाही आला. ठीक.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. मी ते वाक्य का घातलं? लोकांना वाटेल, मोठा विचार केला असेल. विचार काही नव्हता. कापाकापीनंतर शेवटी अकरा सेकंद पाठ उरली. अकरा सेकंद गप्प राहिलं तर लोकांना वाटलं असतं यंत्र बिघडलं. जेवायची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. मी माइकसमोर गेलो आणि तोंडाला आलं ते बोललो. एका दमात. एकच टेक. मग आम्ही कबाब खायला गेलो.

एवढंच आहे ते. तुझ्या भावाबद्दल मी काही सल्ला देत नाही, मला तो अधिकार नाही. ज्याने अकरा सेकंदांत खोटा भाऊ परत आणला, त्याने खऱ्याबद्दल बोलू नये.

पण कामाचं विचारणारच, कारण तुझ्याएवढा बारकाईने बघणारा माझ्याकडे कोणी नाही. काळ थोडा सैल झालाय. आता त्यांचा साखरपुडा झाल्याचं दाखवायला परवानगी आहे. म्हणजे पत्रं ठेवता येतील. शेवट मात्र माझ्यावर सोडलाय. जुना आवाज ठेवू, की त्या परक्या माणसाला वळू देऊ? जुना शेवट काढला तर लोक शिव्या देतील, पिढी त्यावर रडलीय. एस्फंदच्या मध्यापर्यंत मला ठरवायचंय.

सोबत मूळ सिनेमाची चकती पाठवतोय, न कापलेली. खाली भाषांतराच्या ओळी मी स्वतः घातल्यात. बघ, नको बघू.

दायी

---

यज्द, १ बहमन

कियूमर्स,

हे पत्र बंदराच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू अजून तिथेच आहेस असं परवीन म्हणाली. फोन करता आला असता, पण फोनवर मी पुन्हा तसंच काहीतरी बोलून बसले असते. लिहिताना खोडता येतं. याआधीचे चार कागद खोडलेले आहेत.

मी एक सिनेमा पाहिला. तोच आधीही पाहिला होता, तेव्हा मला तो चुकीचा कळला. मला वाटलं, न बोलता वाट बघत राहणं म्हणजे माया. चौदा वर्षं मी स्वतःला फार धीराची बाई समजत होते. काल त्या बाईचं पाचवं पत्र ऐकताना लक्षात आलं की तिला जे जमलं ते मला एकदाही जमलेलं नाही. आणि मला फार राग आला, तिचा नव्हे.

त्या दिवशी दारात मी जे बोलले ते तुला लागावं म्हणूनच बोलले होते. तू उशिरा का आलास ते विचारलंही नाही. तू पाहुणा नव्हतास. माफ कर.

बाकी इकडे : डाव्या गुडघ्यामुळे मी दिवसातून दोनदा जिना चढत नाही. अंगणातलं डाळिंबाचं झाड यंदा फुटलं नाही. तुझं खूप जुनं स्वेटर तळघरात आहे, कसरीने बाही खाल्ली आहे. तू यावंस असं मला वाटतं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मनीजे

---

अंज़ली, १९ बहमन

आबजी,

पत्र कार्यालयात आलं. आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, यज्दहून पत्र आलंय, कुणी वारलं का?" मी म्हटलं, "नाही, कुणीतरी जिवंत झालं."

सिनेमाचं मला काही कळलं नाही. कुठली बाई, कुठली पत्रं? तू लहानपणापासून असलं काहीतरी मध्ये आणतेस.

उशीर झाला कारण घाटात बर्फाने रस्ता बंद होता. दोन दिवस बसमध्ये चाळीस माणसं आणि एक बकरी. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मीही तुझाच भाऊ.

एक विचारायचं होतं, चौदा वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी जेवायला काय होतं? मी दारातून वळलो तेव्हा वास आला होता. मला गेइमेचा, डाळ-मटणाचा रस्सा वाटला, वाळवलेल्या लिंबाचा वास होता. बसमध्ये चढलो तेव्हा सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. बाबांच्या आधी जेवणाचं वाईट वाटलं याची मला आजही लाज आहे. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

४ एस्फंदच्या सकाळी तेहरानहून येणाऱ्या गाडीने येतो. एकटाच येतो, आधी आपण दोघं भांडून घेऊ, मग नवरोझला बायकोमुलांना आणीन. स्टेशनवर येऊ नकोस, गुडघा सांभाळ.

कियूमर्स

---

यज्द, ६ एस्फंद

प्रिय दायीजान,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एस्फंदच्या मध्याआधी देते आहे. आधी माझी चूक. सात पत्रं लिहिणारी बाई रडकी नाही. मी चकती तीन वेळा पाहिली. तिसऱ्या वेळी फक्त तिची बोटं पाहिली. नोंद सहाशे बारांमधलीच, पण मत खोडून नवं लिहिलंय, तारखेसह. जुनं वाचता येईल असंच खोडलंय.

आता खरं सांगते. परवा मी स्टेशनवर गेले. त्याने नको म्हटलं होतं तरी गेले. खांब मोजले नाहीत, पण ज्याला टेकले तो तिसरा असावा. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. माणसं उतरली. करड्या लांब कोटातली एक पाठ माझ्यासमोरून चालली, तेच खांदे, तीच मान. मला तुमचे अकरा सेकंद आठवले. यावेळी आवाजाची वाट बघायची नाही असं मी ठरवूनच आले होते. म्हणून मीच ओरडले, "कियू!" सगळा फलाट वळला.

तो माणूसही वळला. भलताच कुणी. मोठ्या मिश्या. म्हणाला, "बोला खानम, काय सेवा करू?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लिहिणार नाही. मूळ सिनेमातली बाई इथून घरी जाते. मीही निघालेच होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आबजी, मी इकडे आहे. तो माणूस माझ्यापेक्षा देखणा आहे, मान्य, पण मी इकडे आहे."

तो जाड झालाय, दायीजान. अर्धं टक्कल पडलंय. पाठ बघून मी जन्मात ओळखला नसता. हातात धुरावलेल्या माशांची पिशवी. डब्यातल्या लोकांनी वासावरून रात्रभर त्याचा उद्धार केला म्हणे. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं का मासे आण म्हणून?" तो म्हणाला, "मी सांगितलं होतं का स्टेशनवर ये म्हणून?" हे आमचे पहिले संवाद. मी दिग्दर्शक असते तर हे दृश्य पुन्हा घेतलं असतं. प्रकाश चांगला होता, एवढंच.

तर माझं मत असं, आणि त्याबद्दल मला शंका नाही. परक्या माणसाला वळू द्या. पत्रं सगळी ठेवा, कोंबड्यांसकट. तुमचं वाक्य काढा. ते वाईट नाही, एका दमात इतकं खरं बोलता येतं हे ऐकून मला तुमचा हेवा वाटला. पण ते ऐकून चौदा वर्षं मी खुर्चीत बसून राहिले. लोक शिव्या देतील तर माझ्याकडे पाठवा.

आणि घरात आल्यावर तो दारात थबकला. बॅग हातातच. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. मी म्हटलं, "जेवण स्वयंपाकघरात आहे." गेइमेच केला होता, वाळवलेली लिंबं घालून. त्याने तीन ताटं खाल्ली.

वहीत त्या दिवशीचं काय लिहावं ते कळत नव्हतं. चार रकाने मोकळेही सोडवेनात. शेवटी तारीख लिहिली. सिनेमाच्या रकान्यात "गेइमे" लिहिलं. सोबत कोण : कियूमर्स. मत मी द्यायचं असतं, पण यावेळी त्याचंच लिहून घेतलं : "मीठ कमी आहे."

तुमची,
मनीजे